तळ्याच्या पोटातली साइट

बंगळुरात प्लॉटला साइट म्हणतात. ज्या वर्षी आम्हाला साइट मिळाली त्याच वर्षी मी पीएचडीला नाव नोंदवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता आणि आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मुलगी तिसरीत होती. मी एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं, म्हणून तिथला प्रत्येकजण पहिल्या दिवसापासून घराचा विचार करत असतो. कर्मचाऱ्यांच्या सोसायटीने बनशंकरीच्या पुढे, जिथे तेव्हा शहर संपायचं, तिथे जमीन घेतली आणि चिठ्ठीत आमचा नंबर लागला. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. आज तिथे माणसं राहतात.

सोसायटीने एका रविवारी बस करून सगळ्यांना जागा दाखवायला नेलं. जमीन परातीसारखी सपाट होती. "लेव्हलिंगचा त्रासच नाही," असं नवरा तीनदा म्हणाला. एका बाजूला मातीचा उंच, लांबलचक बांध होता आणि त्यावर जुनी चिंचेची झाडं होती. त्यांच्या सावलीत सतरंज्या टाकून सगळ्यांनी डबे खाल्ले. सपाट माळावर एवढा बांध कोणी आणि कशाला घातला असेल, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. पन्नास-साठ माणसं होती, त्यातली निम्मी इंजिनिअर. मी इतिहासाची शिक्षिका होते. मलाही सुचलं नाही.

माझा प्रबंध एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गविचारावर होता. त्या काळातली मराठी मासिकं, शाळेची क्रमिक पुस्तकं आणि इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल मी शेजारी शेजारी ठेवून वाचत होते. पर्यावरण हा शब्द तेव्हा नव्हता. आमचे मराठी लेखक सृष्टी म्हणायचे, आणि सृष्टी म्हटलं की दोन ओळींत ईश्वराची करणी यायचीच. पण हळूहळू त्याच मासिकांत वेगळे प्रश्न यायला लागलेले दिसत. झाडं तोडली तर पाऊस कमी होतो का? पूर्वी बारमाही असलेला ओढा फाल्गुनातच का आटतो? दुसरीकडे, सैनिकांच्या तापावर औषध द्यायला आलेले इंग्रज डॉक्टर जंगल, झरे आणि दुष्काळ यांचा संबंध जोडून सरकारला पानंच्या पानं लिहीत होते. हे वाचताना मी अस्वस्थ व्हायचे. आपल्या पिढीला वाटतं की हे शहाणपण आपल्याला सुचलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांना ते माहीत होतं. माहीत असूनही जंगलं गेली. ती का गेली, एवढंच मला शोधायचं होतं.

माझे मार्गदर्शक कन्नड होते, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी मला एका जुन्या दफ्तरखान्यात पाठवलं. तिथे लाल कापडात बांधलेल्या फायली होत्या, सोडल्या की हातांना लाल धूळ लागायची. त्यांतल्या एका फायलीत मला एक डॉक्टर भेटला. सैन्यातला वैद्य, नंतर जंगलखात्यात गेलेला. त्याने शहराच्या दक्षिणेला घोड्यावरून फिरून तिथल्या तळ्यांची पाहणी केली होती. प्रत्येक तळ्याच्या वरच्या अंगाला राई राखलेली असते, ती तोडली तर गाळ वाहून येऊन तळं भरतं, हे त्याला गावकऱ्यांनी सांगितलं होतं आणि त्याने ते मानाने लिहून ठेवलं होतं. मला तो माणूस आवडला. अहवालाला हाताने काढलेला नकाशा जोडला होता. तळी फिक्या निळ्या रंगात होती. प्रबंधासाठी म्हणून मी तो ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेत होते, आणि उतरवता उतरवता एका तळ्याच्या नावाशी थांबले. आमच्या साइटच्या पत्रावर तेच नाव होतं.

पहिल्यांदा मला गंमत वाटली. मग मी तळ्याच्या पूर्वेला काढलेली जाड रेघ पाहिली. तो चिंचांचा बांध होता. आम्ही तळ्याच्या बंधाऱ्यावर बसून डबे खाल्ले होते.

दोन दिवसांनी, कॉलेज सुटल्यावर मी ट्रेसिंग घेऊन बसने एकटीच तिथे गेले. बांधावर एक म्हातारा दोन गाई चारत होता. माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं होतं, ऐकून मात्र बरंच कळायचं. मी त्याला 'अज्जा' म्हणून हाक मारली आणि इथे तळं होतं का, असं विचारलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याचे वडील आणि तो या तळ्याचे नीरगंटी होते, म्हणजे तळ्याची मोरी उघडून कोणाच्या शेताला किती पाणी सोडायचं हे ठरवणारे. शेतं विकली गेली तसं त्याचं काम संपलं. वरच्या अंगाला खाणी निघाल्या, वस्ती झाली, येणारे ओहोळ बुजले, तसं तळंही सुकलं.

"मग आता पाणी येत नाही ना?" मी विचारलं.

"रोज येत नाही," तो म्हणाला. "चांगला पाऊस झाला की येतं. मी लहान असताना आलं, लग्नानंतर आलं, धाकटा झाला तेव्हा आलं. येईल तेव्हा इथेच येईल, अम्मा. दुसरीकडे जायला त्याला वाट नाही."

मी त्याला आमच्या साइटचा नंबर सांगितला. नंबराचे दगड रोवलेले होते. तो खाली उतरला आणि त्या दगडापाशी जाऊन उभा राहिला. "इथे आम्ही म्हशी आणत नव्हतो. खोल होतं," तो म्हणाला, आणि गाईंच्या मागे निघून गेला.

संध्याकाळी मी नवऱ्यापुढे ट्रेसिंग उलगडलं. आम्ही पुण्यात एकाच कॉलेजात होतो, त्यामुळे आमच्यात अरे-तुरे होतं आणि वाद घालायचीही सवय होती.

"हा शंभर वर्षांपूर्वीचा कागद आहे," तो म्हणाला. "घोड्यावर बसून काढलेला."

"म्हाताऱ्याने पण तेच सांगितलं."

"सगळ्या परवानग्या आहेत. ड्रेनेज होणार आहे. तुझ्या प्रबंधापायी सगळीकडे तळी दिसायला लागलीत तुला."

मला त्याचा राग आला, पण तो प्रामाणिक माणूस आहे हेही मला माहीत होतं. पुढच्या रविवारी त्याने बांधकाम विभागातल्या एका मित्राकडून जमिनीची उंची मोजायचं यंत्र मागून आणलं आणि ते घेऊन एकटाच साइटवर गेला. परत आला तेव्हा त्याच्या पँटला गवताची कुसळं चिकटली होती. त्याने आकडे वहीत मांडले, माझ्या ट्रेसिंगशी ताडून पाहिले आणि वही मिटली. जेवताना मुलीने त्याला काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं नाही. चार दिवस तो तसाच होता.

पाचव्या दिवशी म्हणाला, "आपली साइट सगळ्यात खाली आहे. म्हातारा बरोबर बोलला."

"मग सोसायटीला सांगू."

"सांगून काय होणार? जमीन घेऊन झाली. सगळ्यांनी कर्ज काढलंय. मी उठून उभा राहिलो की एका दिवसात तिथली प्रत्येक साइट मातीमोल होईल. उद्या याच लोकांबरोबर मला शॉपफ्लोअरवर काम करायचंय."

"आणि न सांगता?"

त्याने वही कपाटात ठेवली. मग म्हणाला, "आपण विकून टाकू."

मी हे माझ्या सरांना सांगितलं. सगळं नाही, तळं आणि नकाशा एवढंच. साइट आमचीही आहे हे सांगायला मी कचरले. सर म्हणाले, "नकाशासकट वर्तमानपत्राला पत्र लिहा. इंग्रजीतून लिहा, मी कन्नडमध्ये करून देतो." मी पत्र लिहिलं. ते चांगलं उतरलं होतं, मला अजून त्यातली वाक्यं आठवतात. ते मी टेबलाच्या खणात ठेवलं आणि साइटचं काय ते ठरल्यावर पाठवू असं स्वतःला सांगितलं. ठरल्यावर म्हणजे विकल्यावर, हे मी मनातल्या मनातसुद्धा स्पष्ट म्हटलं नाही.

विकायला वेळ लागला. मधली दोन-तीन वर्षं मी प्रबंधात बुडाले. त्या काळातच माझ्या डॉक्टरची दुसरी फाइल सापडली. पहिल्या अहवालानंतर काही वर्षांनी रेल्वेच्या इंजिनांना जळण हवं होतं, आणि ज्या राया तोडू नयेत असं त्याने लिहिलं होतं त्यांतल्याच काही तोडायच्या परवानगीवर त्याची सही होती. खाली त्याने कारण दिलं होतं, एका ओळीचं, खात्याच्या भाषेतलं. मला फसवल्यासारखं वाटलं. मी त्याच्यावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं. ज्ञान आणि कृती यांच्यात त्या शतकाने एक सोयीची भिंत बांधली, असं माझं म्हणणं होतं आणि ती भिंत मी त्या एका सहीवरून दाखवली होती. लिहिताना मी त्याला कुठेही सवलत दिली नाही.

याच सुमारास एक जोडपं साइट बघायला आलं. दोघं नागपूरची, सॉफ्टवेअर कंपनीत, लग्नाला दोन वर्षं झालेली. शहरात तेव्हा अशी मुलं नुकती यायला लागली होती. जाहिरातीत आमचं आडनाव बघून आली असावीत. आपली माणसं म्हणून त्यांना आम्ही बरे वाटलो. त्यातली मुलगी बोलकी होती. मला लगेच काकू म्हणायला लागली. आम्ही चौघं साइटवर गेलो. नवरा तिच्या नवऱ्याला हद्दीचे दगड दाखवत होता. ती माझ्याजवळ उभी होती.

"काकू, पाण्याचं कसं आहे इथे?" तिने विचारलं.

तिला नळाचं पाणी, बोअरचं पाणी म्हणायचं होतं. बंगळुरात घर घेणारा प्रत्येकजण हेच विचारतो. मी म्हणाले, "पाण्याची अडचण येणार नाही. बोअर घेतली तर लवकर लागेल."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. नवऱ्याने ते ऐकलं. तो वाकून दगडाभोवतीचं गवत उपटायला लागला.

व्यवहार झाला. त्यांच्या वास्तुशांतीचं बोलावणं आलं तेव्हा आम्ही गावाला जायचं कारण काढलं. पत्र मी पाठवलं नाही. आता पाठवलं तर त्या मुलांचंच नुकसान, असं एक नवं आणि चांगलं दिसणारं कारण माझ्याकडे होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डॉक्टरवरच्या प्रकरणाचं विशेष कौतुक केलं. तुमच्याकडे नैतिक स्पष्टता आहे, असं काहीसं ते म्हणाले. सर शेजारी बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि विचारलं, "ते पत्र पाठवलंत का?"

"नाही सर."

"सरी," ते म्हणाले. कन्नडमध्ये त्याचा अर्थ ठीक आहे, बरं, असा होतो. त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. मी पण त्यांच्याकडे जाणं हळूहळू कमी केलं.

दशक संपत आलं होतं तेव्हा एका वर्षी पावसाने मोसमाच्या शेवटी तीन दिवस झड धरली. आम्ही तोपर्यंत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. चौथ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात आतल्या पानावर फोटो होता, गुडघ्याच्या वर पाणी आणि त्यातून डोक्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन चाललेला माणूस. खाली त्या वसाहतीचं नाव होतं. नवऱ्याने फोटो पाहिला, पेपर घडी करून टीपॉयवर ठेवला आणि आंघोळीला गेला. कारखान्यात गेल्यावर दुपारी त्याने फोन केला. "तू जाणार आहेस का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मीही आलो असतो." तो आला नाही.

मी गेले तेव्हा पाणी ओसरलं होतं. रस्त्यावर गाळ होता आणि प्रत्येक घराच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ उठली होती. वरच्या अंगाच्या घरांवर ती पायरीशी होती. पुढे गेलं तशी वर चढत गेली. त्यांच्या घरावर ती खिडकीच्या मध्यावर होती. ती मुलगी गेटशी एक भिजलेली गादी भिंतीवर टाकायचा प्रयत्न करत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं.

"काकू, तुम्ही कशाला आलात एवढ्या चिखलातून," ती म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून गादी वर टाकली. तिचं बाळ सासूबरोबर शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतं. पाणी आलं तेव्हा ते पाळण्यात होतं, असं तिने सांगितलं. नवऱ्याने उचललं, म्हणाली, पाळणा तरंगायला लागला होता.

"कोणाला माहीत असणार, नाही का?" ती म्हणाली. "परवानग्या तर सगळ्या होत्या."

तिथून मला निघून जाता आलं असतं. तिला माझ्यावर कसलाही संशय नव्हता. पण पाळण्याचं ऐकल्यावर मी निघाले नाही. मी पायरीवर, गाळातच बसले.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. दफ्तरखाना, नकाशा, नीरगंटी, यंत्र आणि खणातलं पत्र. मी थांबल्यावर ती म्हणाली, "मी तुम्हाला पाण्याचं विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही मला बोअरचं सांगितलंत."

"हो."

ती आत गेली. मला वाटलं दार लावून घेईल. ती हात पुसत परत बाहेर आली आणि म्हणाली, "तो नकाशा कुठे आहे?" आवाज चढलेला नव्हता. ऑफिसात फाइल मागावी तसं तिने मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी नकाशाची आणि अहवालाच्या पानांची प्रत तिच्या हातात दिली. नवरा बरोबर आला आणि त्याने आपली आकड्यांची वहीही दिली. ते देताना तो तिच्या नवऱ्याला म्हणाला, "चूक माझी आहे. ही सांगायचं म्हणत होती." मी म्हणाले, तसं नाही, मीही म्हणायचं सोडून दिलं होतं. त्या दोघांनी आमच्यात कोणाची चूक किती हे ऐकून घेतलं नाही. त्यांना कामं होती.

त्या कागदांचा उपयोग झाला. बांधाच्या एका टोकाला जिथून पूर्वी जादा पाणी बाहेर पडायचं ती जागा नकाशात दाखवली होती. तिथे एका कंत्राटदाराने भराव टाकला होता. वसाहतीतल्या लोकांनी कागद घेऊन वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, मग ती वाट खोदली गेली. दोन घरांच्या कंपाऊंडच्या भिंती त्यासाठी पाडाव्या लागल्या. त्यानंतर पाणी येतं, पण चार-सहा तासांत निघून जातं, असं ऐकते. तळं मात्र परत आलं नाही. ते आता घरांखाली आहे. नीरगंटी म्हाताऱ्याची मी नंतर चौकशी केली. त्याचं नावच मी विचारलं नव्हतं, त्यामुळे कोणाला काही सांगता आलं नाही. कारखान्यात नवऱ्याशी काही लोक बोलेनासे झाले. तो त्यावर कधी तक्रारीचा शब्द बोलला नाही.

प्रबंध छापायला एक प्रकाशक तयार होते. मी डॉक्टरवरचं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं. त्यातलं विधान चुकीचं नव्हतं, पुरावा पक्का होता. पण त्या प्रकरणात एक माणूस सही करतो आणि मी फक्त ती सही दाखवते. त्या सहीच्या आधीचे दिवस तिथे नव्हते. तो घरी कसा गप्प बसला असेल, वरिष्ठांची किती भीती असेल, 'पुढच्या वर्षी लिहू' असं त्याने किती वेळा म्हटलं असेल, याची मला शंकाही आली नव्हती. हे कळल्याने त्याचा गुन्हा कमी होत नव्हता, आणि माझाही नाही. मी ते प्रकरण नव्याने लिहायला बसले. अनेकदा बसले. पुस्तक झालं नाही.

पुरानंतर दुसऱ्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीला आम्ही गेलो होतो. खाली सतरंजीवर पंगत बसली होती आणि वाढायला तरुण मंडळी होती. मसालेभाताचं भांडं घेऊन ती मुलगी ओळीने येत होती. माझ्या शेजारच्या बाईंशी ती हसून बोलली, त्यांना आग्रह केला. मग माझ्या पानापुढे आली. तिने सगळ्यांना वाढत होती तेवढाच भात वाढला. मी हात आडवा केला नाही, तिने आग्रह केला नाही. ती पुढच्या पानाकडे गेली. नवरा पलीकडे बसला होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जेवायला सुरुवात केली.